मोटरहोमचं मागचं दार रिमोटने कधी लॉक होतं, कधी होत नाही: मॉड्यूल बदलायच्या आधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा. केबिनची दोन्ही दारं रिमोटने बिनतक्रार उघडतात आणि बंद होतात. राहत्या भागाचं दार अनलॉक नेहमी होतं, पण लॉक कधी होतं, तर कधी नुसता 'टक्' आवाज येऊन तसंच राहतं. संध्याकाळी मुक्कामाला गाडी लावली की त्रास जास्त, दिवसा रस्त्यात थांबलं की सहसा काहीच नाही. रिमोटचा सेल बदलला, दारातली लॉकची मोटरही नवीन बसवली, फरक शून्य. आता कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉकला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, बदलायचं का?

आत्ता तरी नको. मॉड्यूल ही या साखळीतली सगळ्यात महाग वस्तू आणि बिघाडाच्या बाबतीत सगळ्यात कमी संशयित. शिवाय तुमच्या वर्णनातच बरंचसं निदान दडलेलं आहे.

केबिनची दारं त्याच रिमोटने चालतात, म्हणजे रिमोट, त्याचा सेल आणि रिसीव्हर यांना सोडून द्या. मागच्या दाराचा 'टक्' येतो, म्हणजे हुकूम निदान रिलेपर्यंत, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत, तरी पोचतोय. राहिल्या दोन गोष्टी: मोटरला पुरेसा करंट मिळतो का, आणि मिळाला तरी लॉकची यंत्रणा मोकळेपणी हलते का. कुठला पार्ट घ्यायचा हे त्यानंतर ठरतं. तुम्ही क्रम उलटा धरलात. बहुतेक जण तसंच करतात, कारण पार्ट विकत घेणं सोपं असतं आणि दाराचं पॅनेल काढून मोजमाप करणं कंटाळवाणं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोटरहोम म्हणजे एकाची मूळ गाडी आणि दुसऱ्याने त्यावर बांधलेलं घर. केबिनची दारं मूळ कारखान्याच्या वायरिंगवर चालतात, मागचं दार बॉडी बांधणाऱ्याने आपल्या पद्धतीने जोडलेलं असतं. कुठे केबिनच्या दाराच्या मोटरवरूनच इशारा घेतलेला असतो, कुठे वेगळी रिलेची पेटी असते, कुठे गाडीच्या डेटा लाइनवरून, म्हणजे तिच्या कंट्रोल पेट्या एकमेकींशी बोलतात त्या वायरींवरून, हुकूम वाचणारं छोटं मॉड्यूल असतं. काही दारांचं लॉक तर पूर्ण स्वतंत्र असतं, कीपॅडचं, स्वतःच्या सेलवर चालणारं. रिमोट एकच आहे या वर्णनावरून तुमच्याकडे जोडणीतला प्रकार आहे असं धरून पुढे लिहितोय. तसं नसेल तर रिलेचा भाग तुम्हाला लागू होणार नाही, यांत्रिक तपासणी मात्र सगळ्यांना सारखीच आहे.

पहिली चाचणी फुकट आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात. दार पूर्ण उघडं ठेवा. दाराच्या कडेला जो लॅच असतो, म्हणजे चौकटीवरच्या स्ट्रायकरला (धातूच्या आकड्याला) पकडणारा खटका, तो स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत आणा. मग रिमोटने लॉक-अनलॉक आठ-दहा वेळा करा, पण मध्ये थोडं थांबत. पुष्कळ मोटरींच्या आत उष्णतेने अडणारं संरक्षण असतं, मूळ गाडीचं कंट्रोलही पटापट बटण दाबलं की काही वेळ हुकूम घेणं बंद करतं. भराभर दाबत राहिलात तर चांगलं लॉकही मेल्यासारखं वाटेल. आणि चाचणी संपली की हँडल ओढून खटका मोकळा केल्याशिवाय दार लावू नका, नाहीतर बंद खटका स्ट्रायकरवर आदळून वेगळंच काम निघेल.

उघड्या दारात लॉक दर वेळी झालं, तर वीज बहुधा ठीक आहे आणि अडचण दार व चौकट यांच्या जुळणीत आहे. उघड्या दारातही चुकलं, तर वीज, मोटर किंवा मोटरला लॉकशी जोडणाऱ्या दारातल्या सळया. एवढ्या एका चाचणीने अर्धं काम कमी होतं, म्हणून ती झाल्याशिवाय मी पॅनेलच्या स्क्रूला हात लावत नाही.

आता 'संध्याकाळी जास्त' या निरीक्षणाकडे या. ते फार मोलाचं आहे, पण फसवंही आहे, कारण मुक्कामाला दोन गोष्टी एकदमच बदलतात. गाडी जॅकवर किंवा चाकाखालच्या ठोकळ्यांवर समतल केली जाते, आणि आतले दिवे, पाण्याचा पंप, पंखे सुरू होऊन घराच्या, म्हणजे राहत्या भागाच्या वेगळ्या, बॅटरीवर भार येतो. लक्षण एकच दिसतं, कारणं दोन असू शकतात. ती वेगळी करायलाच हवीत.

जॅकचं आधी घेऊ. मोटरहोमची बॉडी लांब असते आणि दाराच्या भल्यामोठ्या भोकाभोवती ती कमजोर असते. एका कोपऱ्यावर जॅकचा जोर जास्त आला की चौकट किंचित तिरकी होते. डोळ्याला दिसणार नाही, पण लॉकची कडी ज्या भोकात शिरते त्याला एक-दोन मिलिमीटरही पुरतात. लॉक होत नाही पण अनलॉक नेहमी होतं, याचं एक सरळ स्पष्टीकरण इथेच आहे. आत शिरायला कडीला नेमकी जागा लागते, बाहेर यायला नुसतं मागे सरकायचं असतं. पाहायचं असं: जॅक उचललेले असताना दाराच्या चारी बाजूंची फट बघा. वर बिजागरीकडे अरुंद आणि खाली रुंद अशी असेल तर चौकट तिरकी आहे. मग लॉकचं बटण दाबताना दुसऱ्या माणसाला बाहेरून दार तळहाताने आत दाबायला सांगा, पुढच्या वेळी हँडल धरून किंचित वर उचलायला. यातल्या एकाने लॉक लगेच होऊ लागलं की गुन्हेगार सापडला. कडीच्या टोकाला मार्करची शाई किंवा लिपस्टिक लावून दार लावा आणि किल्लीने लॉक करायचा प्रयत्न करा. चौकटीवर डाग भोकाच्या ज्या बाजूला पडेल त्या बाजूला चौकटीवरची ती भोकाची पट्टी सरकवायची. पट्टीचे स्क्रू सैल करून ती थोडीशी सरकते, तेवढी सरकवून पुन्हा बघा. एकदम जास्त सरकवलीत तर लॉक होईल, पण गाडी धावताना दार खडखडेल आणि पाऊस आत येईल.

रबरी सीलही विसरू नका. नवीन सील घातलं असेल, किंवा जुनं उन्हाने कडक झालं असेल, तर ते दाराला बाहेर ढकलत राहतं. त्यात कडी घासते आणि मोटरचा जोर कमी पडतो.

आता बॅटरी. इथे पहिला प्रश्न असा की हे लॉक कुठल्या बॅटरीवर आहे? इंजिनाच्या की घराच्या? पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसतं आणि बाहेरून कळतही नाही. घराच्या बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून बघा. मागचं लॉक मेलं तर ते घराच्या बॅटरीवर आहे. काही गाड्यांत इशारा इंजिनाच्या बॅटरीवरून येतो आणि ताकद घराच्या बॅटरीतून. मग रिले 'टक्' करतो, मोटर मात्र ढिम्म. तुमच्या लक्षणाशी हे जुळतं.

पूर्ण चार्ज झालेली, विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते. तुमची लिथियमची असेल तर हे आकडे लागू नाहीत. तिचं व्होल्टेज बराच वेळ वर टिकतं आणि शेवटी झपकन उतरतं. पण बॅटरीवर १२.२ दिसलं म्हणजे मोटरला १२.२ मिळालं असं नाही. एक हिशेब करून दाखवतो. बॅटरीपासून दारापर्यंत वायर ८ मीटर असेल तर जायची-यायची मिळून १६ मीटर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत मीटरला साधारण ०.०२३ ओहम, म्हणजे एकूण सुमारे ०.३७ ओहम. अडलेली मोटर ५ अँपिअर खेचत असेल तर जवळजवळ १.९ व्होल्ट वायरीतच खर्च झाले. दारात उरले १०.३. त्यात फ्यूजची गंजलेली पाकळी आणि एक-दोन ढिले कनेक्टर धरा, मोटर कडी ढकलायच्या ऐवजी नुसती हुंकारेल. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती तर घट साधारण ०.६ व्होल्ट झाली असती. नंतर बसवलेल्या लॉकमध्ये वायर बारीक वापरलेली मी नेहमी बघतो. मोकळं लॉक तेवढ्यावर चालतं, म्हणून बसवणाऱ्याला ते कधी कळतच नाही.

तुमची नवीन मोटर जुनीसारखीच वागतेय, त्यामुळे वायर आणि जुळणी या दोन्हींवर माझा संशय वाढतो.

मोजायचं कसं? लॉकचा झटका जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्यामुळे तो काहीही आकडा दाखवेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल. मीटरला किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर ती वापरा, पण इतका छोटा झटका पकडण्याइतकी ती वेगवान आहे का तेही बघा. नसेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि मोटरचा कनेक्टर काढून तिथे लावा. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. लॉक आणि अनलॉक दोन्ही वेळा तो सारखाच लख्ख चमकला पाहिजे. लॉकला मंद आणि अनलॉकला लख्ख असेल तर दोष विजेचा आहे, कडीचा नाही. एक सावधगिरी: असा बल्ब किंवा टेस्ट लॅम्प फक्त मोटरच्या जाड वायरींवर लावायचा. डेटा लाइनच्या पिळलेल्या बारीक जोडीला आणि एअरबॅगच्या वायरींना त्याने हात लावायचा नाही.

लॉकला मंद, अनलॉकला लख्ख, हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण वायरी त्याच दोन आहेत. पण याचं कारण ठरलेलं आहे आणि ते पुष्कळांना चुकवतं. लॉकच्या मोटरला दोनच वायरी असतात आणि दिशा बदलायला त्यांची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटवावी लागते. नेहमीच्या जोडणीत बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी आपापल्या रिलेतून निगेटिव्हला टेकलेल्या असतात. लॉक दाबलं की लॉकचा रिले 'टक्' करून आपली वायर पॉझिटिव्हला नेतो. पण करंट परत जातो तो दुसऱ्या वायरीतून, म्हणजे अनलॉकच्या रिलेतून, जो त्या वेळी काहीच करत नसतो. त्याचा हा स्वस्थ बसलेला संपर्क जळला असेल तर लॉक होत नाही, आणि अनलॉक मात्र झकास चालतं, कारण अनलॉकच्या वेळी हाच रिले दुसऱ्या संपर्काकडे सरकतो. म्हणजे लॉक होत नाही म्हणून लॉकचा रिले बदलला तर फरक पडणार नाही. दोन्ही रिले सारखे आणि काढता येण्यासारखे असतील तर त्यांची अदलाबदल करा. लॉक चालू झालं आणि अनलॉक अडलं, तर प्रश्न सुटला, एक रिले बदला. रिले मॉड्यूलच्या आतच सोल्डर केलेले असतील तर अशी अदलाबदल करता येत नाही. तेव्हा मोटर सोडवून दोन्ही वायरींचा निगेटिव्हशी रोध मोजायचा. दोन्हीकडे जवळपास शून्य दिसलं पाहिजे.

निगेटिव्हचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण मोटारीवर काम केलेला माणूस मोटरहोममध्ये इथेच अडकतो. मोटारीत सगळं अंग लोखंडी, कुठेही अर्थ, म्हणजे करंटला निगेटिव्हकडे परतायची वाट, मिळतो. मोटरहोमच्या मागच्या भागात भिंती फायबरच्या, किंवा लाकडी वा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पातळ पत्रा. दाराच्या चौकटीला स्क्रू मारून अर्थ घेतला असेल तर तो अर्थ नसून नशीब आहे. खरा अर्थ वायरीने चॅसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, जातो आणि बऱ्याचदा गाडीच्या तळाखाली, चाकांच्या चिखलपाण्यात बोल्टला लावलेला असतो. तो शोधा, काढा, धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट लावा आणि वरून ग्रीस चोपडा. तपासायचं तर किमान-कमाल नोंदवणाऱ्या मीटरचं एक टोक त्या लॉकच्या रिलेच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि कुणीतरी बटण दाबायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थमध्ये खोट आहे. ओहम मोजून हे कळत नाही. एका तारेवर लोंबकळणारी वायरही मीटरला शून्यच दाखवते, भार आला की तिचं बिंग फुटतं.

तारेवरून आठवलं, बिजागरीपाशी दारात शिरणारी वायर. दर उघडझापीला ती वाकते. आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. रबरी नळी बाजूला सारा, एकेक वायर दोन बोटांत धरून हलक्या हाताने ताणा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते. दुरुस्तीला बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर वापरा आणि जोड वाकणाऱ्या जागेत घेऊ नका, एक दारात आणि एक भिंतीच्या आत घ्या. दार अमुक कोनात असतानाच लॉक चालत असेल तर इथूनच सुरुवात करा.

इथवरचं जुळवून सांगायचं तर: उघड्या दारात लॉक होतंय पण लावलेल्या दारात नाही, तर फट, पट्टी, सील. उघड्या दारातही नाही आणि बल्ब मंद, तर बॅटरी, वायर, अर्थ, रिले. बल्ब लख्ख आणि तरीही लॉक नाही, तर मोटर आणि सळया.

हा शेवटचा प्रकार नवीन मोटर बसवूनही उरतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. बाजारात मिळणाऱ्या मोटरी दोन वायरींच्या असतात आणि पाच वायरींच्या. पाचमधल्या दोन मोटरच्या आणि तीन आतल्या छोट्या स्विचच्या, दार लॉक आहे की नाही हे मॉड्यूलला सांगणाऱ्या. पाचवालीच्या जागी दोनवाली बसली तर मॉड्यूल आंधळं होतं. पाचवाली बसली पण सळईची लांबी चुकली तर स्विच अर्ध्यात राहतो, आणि लॉक झालं-न-झालं तोच अनलॉक असा खेळ सुरू होतो. सळई बसवताना लॉकचा लिव्हर हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि मोटरचा दांडा त्याच्यासोबत दोन्ही टोकांना पोचतो का ते पाहा. दांडा लवकर संपत असेल तर मोटर सरकवून बसवायला हवी. आणि मोटर ज्या पट्टीवर आहे ती हालत नाही ना, हे बटण दाबून बोटाने चाचपा. पातळ पत्र्यावर दोन स्क्रूने बसवलेली मोटर लॉक ढकलायच्या ऐवजी स्वतःच मागे जाते. आवाज अगदी तोच येतो, 'टक्'.

लॉकच्या आत इंजिन ऑइल घालू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. किल्लीच्या भोकात कोरडं ग्राफाइट किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, खटक्याला आणि सरकत्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस. त्याआधी जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसून काढा. थंडीत ते इतकं घट्ट होतं की संध्याकाळी गारवा पडल्यावर लॉक अडणं एवढ्यावरूनही होऊ शकतं. हा तुमचा तिसरा संशयित समजा.

फ्यूज तुमच्याकडे उडत नाहीये, म्हणून थोडक्यात. पुढेमागे उडायला लागला तर मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब लावा आणि दार हळूहळू हलवा. वायर जिथे घासून शॉर्ट होतेय तिथे बल्ब लख्ख पेटेल आणि आग लागणार नाही.

कीपॅडचं स्वतंत्र लॉक असलेल्यांसाठीही एक ओळ. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. साधे अल्कलाइन चार मिळून ६. लॉक नवीन सेलवरही बॅटरी कमी म्हणून ओरडत असेल तर आधी हे बघा.

तपासणी चालू असेपर्यंत किल्ली खिशातच ठेवा आणि आतलं हँडल विजेशिवाय, बॅटरी सोडवून, दार उघडतं का ते एकदा करून पाहा. ते दार घरातून बाहेर पडायचा मुख्य रस्ता आहे. आतून हाताने उघडत नसेल तर रिमोटचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी ते नीट करा, तोवर त्या गाडीत झोपू नका.

मॉड्यूल मी कधी बदलतो? त्याच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या पिनांवर भार असताना पूर्ण व्होल्टेज आहे, लॉकचा इशारा आत येतोय हे मोजलंय, आणि तरीही मोटरकडे जाणाऱ्या त्याच्याच पिनांवर बल्ब पेटत नाही किंवा मंद पेटतो, तेव्हा. रिले आतच असतील आणि मघाशी सांगितलेला रोध एका बाजूला शून्य येत नसेल, तेव्हाही. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आधी जॅकवरची चौकट, मग अर्थ, मग अनलॉकचा रिले असा आहे. आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा एकदा जॅक न लावता लॉक करून बघा. मग जॅक लावून पण इंजिन चालू ठेवून बघा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांना चार्ज मिळत असेल. इंजिन मोकळ्या हवेतच चालू ठेवा. पहिल्यात चाललं आणि दुसऱ्यात अडलं तर पाना घेऊन पट्टीकडे जा. दोन्हीत चाललं, किंवा पहिल्यात अडून दुसऱ्यात चाललं, तर मीटर घेऊन बॅटरी आणि अर्थकडे. दोन्हीत अडलं तर रिले आणि बिजागरीजवळची वायर.